टीव्हीमागे रंग बदलणारी एलईडी लावायचीय? मग आधी चित्र कुठून येतं ते बघा

टीव्हीवर समुद्र आला की मागची भिंत निळी, वणवा पेटला की भिंत केशरी, हे एकदा कोणाच्या घरी बघितलं की आपल्याकडेही हवंच असं वाटायला लागतं. मला तर इतकं वाटलं की मी फार चौकशी न करता एचडीएमआयवाला सिंक बॉक्स, म्हणजे केबलमधून येणारं चित्र वाचून दिव्यांना रंग सांगणारा डबा, घेऊन मोकळी झाले. घरी आणला, जोडला, दिवे मस्त लागले, आणि मग लक्षात आलं की आमच्याकडे जे काही बघितलं जातं त्यातलं बहुतेक टीव्हीच्या आतल्या ॲप्सवर बघितलं जातं आणि त्या ॲप्सचं चित्र या बॉक्समधून जातच नाही. बॉक्स वाईट नव्हता, आमच्या घरासाठी तो प्रकारच चुकीचा होता. त्यानंतर मी दोन टीव्हींना वेगवेगळ्या पद्धतीने हे काम केलंय, एकदा कॅमेरावालं आणि एकदा सुटे पार्ट घेऊन स्वतः, आणि आता कोणी विचारलं की मी ब्रँड सांगत नाही, आधी प्रश्न विचारते. तेच प्रश्न इथे क्रमाने लिहितेय.

आधी दोन मिनिटं हे बघू की हवंय नक्की काय

टीव्हीमागे लाइट लावण्याची दोन वेगळी कारणं असतात आणि लोक ती एकत्र करतात. एक म्हणजे डोळ्यांना आराम. अंधाऱ्या खोलीत चमकणारा स्क्रीन एकटाच असला की बाहुली एकदा लहान एकदा मोठी होत राहते आणि डोळे थकतात, मागे हलका उजेड असला की हा फरक कमी होतो, शिवाय चित्रातला काळा रंग जास्त काळा वाटतो. याला बायस लाइट म्हणतात आणि त्याला रंग बदलायची काही गरज नसते, उलट तो एकाच रंगाचा हवा. एचडीआरसाठी, म्हणजे जास्त चमक आणि जास्त रंग दाखवणाऱ्या चित्रासाठी, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीटी.२१०० नावाची शिफारस आहे, तिच्यात चित्र काटेकोरपणे तपासताना स्क्रीनमागचा उजेड ५ निट्स आणि त्याचा रंग डी६५, म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा पांढरा, असं दिलंय. निट हे चमक मोजायचं एकक, आणि ५ निट्स म्हणजे खूपच मंद. तेव्हा फक्त डोळे दुखतात म्हणून लाइट हवा असेल तर ६५०० केल्विनची, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरची साधी पांढरी पट्टी घ्या, पाच मिनिटांत लागते, बिघडायला काही नाही, आणि हा लेख इथेच सोडून दिलात तरी चालेल.

दुसरं कारण म्हणजे मजा. चित्र स्क्रीनच्या बाहेर भिंतीवर सांडल्यासारखं वाटणं. फिलिप्सने २००४ मध्ये ॲम्बिलाइट नावाने हे टीव्हीतच बसवून दिलं तेव्हापासून ही कल्पना चालू आहे, आणि आज जे सुटे किट मिळतात ते सगळे त्याच कल्पनेची बाहेरून लावायची आवृत्ती आहेत. तुम्ही नवा टीव्हीच घेणार असाल आणि हे मनापासून हवं असेल तर आतच बसवलेलं मॉडेल आधी बघा, कारण तिथे टीव्हीला स्वतःचं चित्र माहीत असतं, ॲप असो, सेट टॉप बॉक्स असो की गेम, सगळ्याला चालतं, वायर नाही, कॅमेरा नाही. फक्त पुढचा टीव्ही घ्याल तेव्हा लाइट जुन्या टीव्हीबरोबरच जाणार हे लक्षात असू द्या.

पायरी १: आठवडाभरात काय बघितलं आणि कुठून, ते लिहून काढा

हीच खरी पायरी आहे. बाकी सगळं हिच्यावरून ठरतं, त्यामुळे कंटाळा करू नका. एक कागद घ्या आणि लिहा, सिरीज कुठल्या ॲपवर बघता आणि ते ॲप टीव्हीच्या आत आहे की बाहेरून लावलेल्या स्टिकवर, मॅच सेट टॉप बॉक्सवर बघता की ॲपवर, गेम कन्सोल आहे का, लॅपटॉप लावता का.

कारण असं आहे की दिव्यांना रंग कळायचे मोजकेच मार्ग आहेत. एक, कॅमेरा टीव्हीच्या स्क्रीनकडे बघत बसतो. दोन, एचडीएमआय बॉक्स, जो तुमच्या स्टिक किंवा कन्सोल आणि टीव्हीच्या मध्ये बसतो आणि जाता जाता सिग्नल वाचतो. तीन, टीव्हीतच चालणारं ॲप जे चित्र वाचून दिव्यांना सांगतं. चार, कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर. आणि पाचवा एक खोटा मार्ग आहे, तो म्हणजे माइक. बऱ्याच स्वस्त पट्ट्यांच्या खोक्यावर मोठ्ठं सिंक लिहिलेलं असतं आणि आत बघितलं तर आवाजावर नाचणारे दिवे असतात, गाण्याला ठीक आहे पण चित्राशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. खोक्यावर कॅमेरा, एचडीएमआय, टीव्ही ॲप किंवा स्क्रीन कॅप्चर यातला एकही शब्द नसेल तर ते चित्र बघत नाही असंच धरून चाला.

आता कागदाकडे बघा. टीव्हीच्या आतली ॲप्स जास्त असतील तर एचडीएमआय बॉक्स बाद, कारण आतल्या ॲपचं चित्र कधी एचडीएमआय केबलमधून बाहेर येतच नाही. इथे खूप जण एआरसी आणि ईएआरसीमध्ये (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने साउंडबारला पाठवायची सोय) फसतात, त्यांना वाटतं साउंडबारकडे केबल जाते तर चित्रही जात असेल, पण त्या वाटेने टीव्हीकडून फक्त आवाज परत येतो, चित्र नाही. मीही याच समजात होते. सगळं बाहेरच्या स्टिकवर किंवा कन्सोलवर असेल, किंवा आतली ॲप्स सोडून एक स्ट्रीमिंग स्टिक घ्यायची तयारी असेल, तर मात्र बॉक्स उत्तम, कारण रंग सगळ्यात अचूक तिथेच मिळतात. दोन्ही मिसळून असेल तर कॅमेरा, किंवा टीव्ही नवा असेल तर टीव्हीवरचं ॲप. घरात निर्णय एकट्याचा नसतो हेही बघा, तुम्ही कन्सोलवाले असाल पण संध्याकाळी रिमोट दुसऱ्याच्या हातात असेल तर लाइट त्यांच्या कार्यक्रमालाही लागला पाहिजे, नाहीतर रोज संध्याकाळी तोच प्रश्न, आज का लागत नाही.

पायरी २: निवडलेल्या प्रकाराच्या खोडी आधीच समजून घ्या

कॅमेरावाले किट. गोव्ही, नॅनोलीफ वगैरेंचे असतात. टीव्हीच्या वर किंवा खाली मधोमध एक छोटा फिशआय कॅमेरा चिकटवायचा, सुरुवातीला ॲपमध्ये स्क्रीनचे कोपरे कुठे आहेत ते दाखवायचं, काही किटमध्ये त्यासाठी स्क्रीनवर केशरी फोमचे तुकडे लावायचे असतात, मग ते काढून टाकायचे. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कॅमेऱ्याला चित्र कुठून आलं याच्याशी देणंघेणं नाही, जे दिसतं ते दिव्यांना सांगतो. तोटाही तोच. स्क्रीनवर खिडकीचं प्रतिबिंब पडलं तर तेही त्याला दिसतं. खोलीत पिवळा दिवा असेल तर रंग तिकडे झुकतात. एचडीआरमध्ये खूप चमकदार सीन आला की कॅमेऱ्याला तो भाग नुसता पांढरा दिसतो आणि सूर्यास्ताचा केशरी भिंतीवर फिकट होऊन येतो. रंग थोडे उन्नीस बीस येणार हे मान्य करून घ्या, भिंतीवरचा पसरलेला उजेड डोळा तितका बारकाईने तपासत नाही. शिवाय वरती कॅमेरा दिसत राहतो, काहींना ते अजिबात आवडत नाही. मला आठवड्याभरात सवय झाली पण आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, हा आपल्याकडे बघतोय का. तो स्क्रीनकडे तोंड करून असतो, तरीही घरातला कॅमेरा वायफायला जोडलेला आहे हे खरं आहे, म्हणून चित्रावरची प्रक्रिया डिव्हाइसमध्येच होते की बाहेर जाते हे कंपनी काय लिहिते ते वाचा आणि लेन्सला झाकण असलेलं मॉडेल मिळालं तर ते घ्या.

एचडीएमआय बॉक्स. इथे एचडीएमआयच्या वर्जनकडे लक्ष द्या कारण बॉक्स मध्ये बसला की सगळा सिग्नल त्याच्या कुवतीनेच जातो. एचडीएमआय २.० म्हणजे १८ जीबीपीएस आणि ४के ६० हर्ट्झपर्यंत, एचडीएमआय २.१ म्हणजे ४८ जीबीपीएसपर्यंत आणि ४के १२० हर्ट्झ, व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे स्क्रीनचा वेग बदलणं) वगैरे. तुमच्याकडे १२० हर्ट्झचा टीव्ही आणि नवा कन्सोल असेल आणि मध्ये २.० चा बॉक्स ठेवलात तर ४के गेम ६० वर येऊन बसणार, म्हणजे दिव्यांसाठी तुम्ही चित्राचीच वाट लावली. उदाहरण द्यायचं तर फिलिप्स ह्यूचा २०१९ चा प्ले सिंक बॉक्स ४के ६० हर्ट्झवर थांबतो आणि २०२४ ला आलेला ८के नावाचा ४के १२० हर्ट्झ सोडतो, आणि ह्यूचा बॉक्स घ्यायचा तर ह्यूचा ब्रिज (दिवे एकमेकांना जोडणारा छोटा डबा) आणि ह्यूचेच दिवे सोबत लागतात, खर्च मोजताना हे तिन्ही एकत्र मोजा. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ हे एचडीआरचे प्रकार पुढे जातात का हेही स्पेसिफिकेशनमध्ये शोधा, नुसतं एचडीआर सपोर्ट लिहिलेलं पुरेसं नाही. पोर्ट किती आहेत तेही मोजा, काही बॉक्सना चार इनपुट असतात, काहींना एकच.

साउंडबार किंवा एव्ही रिसीव्हर (सगळी उपकरणं जोडून स्पीकरना आवाज देणारा डबा) असेल तर जोडणीचा क्रम महत्त्वाचा. रिसीव्हर असेल तर कन्सोल वगैरे आधी रिसीव्हरला, रिसीव्हरचं आउट सिंक बॉक्सला, तिथून टीव्हीला. साउंडबार असेल तर डिव्हाइस, बॉक्स, टीव्ही आणि टीव्हीच्या ईएआरसीतून साउंडबार. आता टीव्हीचा ईएआरसी पोर्ट एकच असतो आणि काही टीव्हींमध्ये तोच पोर्ट २.१ चाही असतो, तेव्हा टीव्हीच्या मागे आधी टॉर्च मारून कुठल्या पोर्टवर काय लिहिलंय ते बघून घ्या, मग ऑर्डर करा.

टीव्हीवरचं ॲप. सॅमसंगच्या २०२२ पासूनच्या ठराविक मॉडेल्सवर ह्यूचं सिंक ॲप चालतं, एलजीच्याही काही नव्या मॉडेल्सवर. यात बॉक्स नाही, कॅमेरा नाही, आतल्या ॲप्सनाही चालतं, पण ॲप स्वतः पैसे देऊन घ्यावं लागतं आणि तुमचं मॉडेल यादीत आहे का ते मॉडेल नंबर बघूनच ठरतं. जुना टीव्ही असेल तर विषय संपला.

कॉम्प्युटर. मॉनिटरवर किंवा लॅपटॉप जोडून बघत असाल तर सॉफ्टवेअर स्क्रीन वाचतं, हार्डवेअर फक्त पट्टी. प्रिझमॅटिक हे फुकट सॉफ्टवेअर आहे, ह्यूचंही स्वतःचं आहे. एकच गोष्ट, स्ट्रीमिंगच्या बऱ्याच व्हिडिओंना कॉपी प्रोटेक्शन असतं त्यामुळे स्क्रीन कॅप्चरला तिथे काळा चौकोन दिसतो आणि दिवे बंद होतात. गेमला मात्र झकास.

आणि स्वतः करायचं असेल तर. हे मला सगळ्यात आवडतं त्यामुळे जरा जास्त लिहिते. एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर), एक यूएसबी एचडीएमआय कॅप्चर कार्ड, एक एचडीएमआय स्प्लिटर, एक ईएसपी३२ हा छोटा वायफाय बोर्ड ज्यावर डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवायचं सॉफ्टवेअर टाकायचं, आणि डब्ल्यूएस२८१२बी किंवा एसके६८१२ प्रकारची एलईडी पट्टी. पायवर हायपेरियन किंवा हायपरएचडीआर हे चित्रातून रंग काढणारं सॉफ्टवेअर चालवायचं. हायपेरियन जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं आहे पण तुम्ही एचडीआर बघत असाल तर हायपरएचडीआर घ्या, कारण साधं कॅप्चर कार्ड एचडीआरचा सिग्नल घेतं तेव्हा रंग धुतल्यासारखे येतात आणि हायपरएचडीआर ते टोन मॅपिंगने, म्हणजे एचडीआरचे रंग साध्या पल्ल्यात बसवून, दुरुस्त करतं, हा फरक भिंतीवर लगेच दिसतो. एसके६८१२ चा आरजीबीडब्ल्यू प्रकार मिळाला तर अजून छान, त्यात वेगळा पांढरा एलईडी असतो आणि पांढरा खरंच पांढरा येतो, आरजीबी मिसळून केलेला पांढरा बरेचदा निळसर येतो. वेळ मात्र जातो, दोन तीन शनिवार रविवार धरा. सोल्डरिंग येत नसेल किंवा घरात कोणाला तो पसारा चालणार नसेल तर या वाटेला जाऊ नका. आणि लक्षात ठेवा, मर्यादा एचडीएमआय बॉक्सचीच आहे, आतली ॲप्स इथेही दिसत नाहीत.

पायरी ३: टेप घेऊन टीव्ही आणि भिंत मोजा

इंचाच्या आकड्यावरून पट्टीची लांबी काढायचा सोपा हिशोब सांगते. १६:९ च्या टीव्हीला इंचाला ७ ने गुणा, चारही बाजूंची लांबी सेंटीमीटरमध्ये मिळते. ५५ इंच म्हणजे साधारण ३८५ सेंमी, नीट मोजलं तर ३८० च्या आसपास. ६५ इंचाला साधारण ४५० सेंमी. तीनच बाजू करायच्या असतील, म्हणजे खालची सोडून, तर ४.७ ने गुणा, ५५ ला २५९ सेंमी आणि ६५ ला ३०६ सेंमी येतात. पट्टी कडेपासून ३ ते ५ सेंमी आत लागते म्हणून प्रत्यक्षात थोडी कमीच लागेल. किट घेताना खोक्यावरचा इंचाचा पल्ला बघा, ५५ ते ६५ लिहिलेलं किट ५५ ला थोडं जास्त होतं आणि उरलेली पट्टी मागे दुमडून ठेवावी लागते, काही पट्ट्या कापता येतात पण ठराविक खुणांवरच, आणि काही कापल्या की पुढचा भाग बंद पडतो, म्हणून माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कात्री लावू नका.

तीन बाजू की चार? टीव्ही स्टँडवर टेबलाला टेकून असेल तर खालची बाजू वाया जाते, उजेड टेबलावर पडून डोळ्यात येतो. भिंतीवर टांगलेला असेल तर चारही बाजू करा, फरक पडतो.

आता भिंत. याचा कोणी विचार करत नाही आणि निम्मी मजा इथेच ठरते. पांढरी किंवा फिकट, मॅट भिंत सगळ्यात चांगली. गडद निळी भिंत असेल तर लाल, पिवळा सगळं त्यात विरून जातं. चकचकीत टाइल्स, काच किंवा पॉलिश केलेलं लाकूड असेल तर उजेडाऐवजी एलईडीचे सुटे सुटे ठिपके दिसतात, अगदी लग्नाच्या मांडवासारखं. टीव्ही आणि भिंतीत अंतरही हवं, ५ ते १५ सेंमी असलं की उजेड छान पसरतो. एकदम चिकटून बसणारा माउंट असेल तर टीव्हीभोवती नुसती अरुंद रेघ दिसते, आणि टीव्ही खोलीच्या मधोमध मागे भिंतच नसताना ठेवलेला असेल तर हे करूच नका. काही पातळ ओएलईडी टीव्हींचा मागचा भाग वर कागदासारखा आणि खाली जाड पेटीसारखा असतो, तिथे पट्टी सरळ रेषेत बसत नाही, आधी पाठ नीट बघून घ्या आणि हवा जाण्याच्या जाळ्या पट्टीखाली येत नाहीत ना हेही बघा.

पायरी ४: पट्टीचा प्रकार

साधी आरजीबी पट्टी म्हणजे पूर्ण पट्टीला एका वेळी एकच रंग. टीव्हीला ही नको, डावीकडे आग आणि उजवीकडे आकाश असेल तर दोन्हीचा मिळून काहीतरी जांभळा गोळा होतो. आपल्याला हवी ती तुकड्या तुकड्यात वेगळे रंग दाखवणारी, बाजारात तिला आरजीबीआयसी किंवा ॲड्रेसेबल म्हणतात. मीटरला ३० एलईडी पुरतात जर भिंत टीव्हीपासून ८ ते १० सेंमी दूर असेल, जवळ असेल तर ६० घ्या. एलईडीची संख्या आणि झोनची, म्हणजे स्वतंत्र रंग दाखवणाऱ्या तुकड्यांची, संख्या एकच नसते हे लक्षात ठेवा, पट्टीवर दीडशे एलईडी असतील पण चार चार किंवा जास्त मिळून एकच रंग दाखवत असतील तर झोन कमी. झोन जास्त असावेत पण त्याचंही फार वेड नको, भिंतीवर सगळं मिसळतंच.

पायरी ५: वीज, इथे चूक करू नका

काही पट्ट्या टीव्हीच्या यूएसबीवर चालतात असं लिहिलेलं असतं. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपियर देतो आणि ३.० चा ९००. डब्ल्यूएस२८१२बी चा एक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर सुमारे ६० मिलीअँपियर घेतो. ५५ इंचाच्या चारही बाजूंना ३.८ मीटर, मीटरला ३० धरले तर ११४ एलईडी, म्हणजे पूर्ण पांढऱ्यावर ६.८ अँपियर, ५ व्होल्टला ३४ वॅट. मीटरला ६० धरलेत तर दुप्पट. तुम्ही इतक्या ब्राइटनेसवर कधी बसणार नाही हे खरं, पण पांढरा स्क्रीन अचानक आला की तेवढी मागणी येते आणि टीव्हीचा पोर्ट ते पेलू शकत नाही, दिवे लुकलुकतात किंवा बोर्ड रिस्टार्ट होतो. म्हणून वेगळा अडॅप्टर. डब्ल्यूएलईडीमध्ये जास्तीत जास्त करंटची मर्यादा घालता येते, ती अडॅप्टरच्या क्षमतेपेक्षा थोडी खाली ठेवा.

लांब पट्टीला एकाच टोकाने वीज दिली की दुसऱ्या टोकाकडे व्होल्टेज पडतं आणि तिथला पांढरा पिवळट लालसर दिसतो. स्वतः करत असाल तर दोन्ही टोकांना वीज द्या, किंवा १२ व्होल्टची डब्ल्यूएस२८१५ घ्या. तयार किटमध्ये हा विचार केलेला असतो, तिथे फक्त सोबत आलेला अडॅप्टरच वापरा, घरात पडलेला त्याच पिनचा दुसरा लावून बघू नका.

प्लग पॉइंट किती मोकळे आहेत तेही मोजा. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार, आता बॉक्स आणि पट्टी, आणि एक्स्टेंशन बोर्ड टीव्हीमागे लोंबकळायला लागतो.

पायरी ६: चिकटवताना

पट्टी आधी चिकटवू नका. आधी जमिनीवर पसरून सगळे एलईडी लागतात का बघा, ॲपला जोडून बघा. बहुतेक अशा दिव्यांना २.४ गीगाहर्ट्झचं वायफाय लागतं आणि मोबाइल ५ वर असेल तर जोडताना अडतं, तेव्हा राउटरमध्ये २.४ चालू ठेवा. हे सगळं झालं की मग टीव्हीची पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, धूळ आणि तेलकटपणा गेला पाहिजे, नाहीतर महिन्याभरात पट्टी लोंबायला लागते. प्रत्येक फूटभर भाग वीस तीस सेकंद दाबून धरा. कोपऱ्यात पट्टी काटकोनात मुडपू नका, आतले तांब्याचे ट्रॅक तुटतात, हलकी गोलाई द्या किंवा कोपऱ्याचे क्लिप वापरा.

आणि एक गंमत आहे जी जवळजवळ प्रत्येकाची होते, पट्टी आपण मागून लावतो त्यामुळे मागून डावीकडे दिसणारी बाजू समोरून उजवी असते. पुस्तिकेतलं चित्र समोरून काढलंय की मागून हे आधी बघा. उलटं झालंच तर बऱ्याच ॲपमध्ये दिशा बदलायचा पर्याय असतो, उखडायच्या आधी तो शोधा.

टीव्ही पाडू नका हे सांगायला नको, पण मोठा टीव्ही भिंतीवरून उतरवायचा असेल तर दोन माणसं लागतातच.

पायरी ७: सेटिंग, इथेच खरं समाधान आहे

मोबाइलमध्ये एक चित्र तयार करा, डावी कड लाल, उजवी निळी, वरची हिरवी, खालची पिवळी, आणि ते टीव्हीवर लावा. पाच सेकंदात कळतं काय कुठे चुकलंय. नंतर पूर्ण काळा स्क्रीन लावा, दिवे विझले पाहिजेत, करडा धूसर उजेड राहिला तर अंधारे सीन बघताना तो खुपतो. मग पूर्ण पांढरा, बघा टोकापर्यंत एकसारखा आहे का.

ब्राइटनेस सगळे जण पहिल्या दिवशी शंभरवर ठेवतात. मी सांगते, २० ते ४० टक्के. चित्रापेक्षा भिंत जास्त चमकायला लागली की डोळा सारखा तिकडे जातो आणि दहा मिनिटांत त्रास व्हायला लागतो. सॅच्युरेशनचंही तेच. स्मूदिंग किंवा स्पीड नावाचं सेटिंग असतं, ते सिनेमासाठी हळू आणि गेमसाठी जलद ठेवा, सिनेमात झटपट बदलणारे दिवे फार थकवतात. हळू म्हणजे उशीर होणार, हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाही.

सिनेमाचा एक खास प्रॉब्लेम, बरेच सिनेमे २.३९:१ च्या रुंद आकारात असतात आणि टीव्हीवर वर खाली काळ्या पट्ट्या येतात, दोन्हीकडे उंचीच्या सुमारे १३ टक्के. तुमची सिस्टीम कडेचा रंग घेत असेल तर तिला वर खाली काळंच दिसतं आणि ते दिवे बंदच राहतात. म्हणून घेतानाच काळ्या पट्ट्या ओळखण्याची सोय आहे का विचारा, हायपेरियन आणि हायपरएचडीआरमध्ये ती आहे. तसंच खाली पांढरे सबटायटल आले की खालचे दिवे दर ओळीला लुकलुकतात, बातम्यांच्या पट्टीचंही तेच. सबटायटल लावून बघणारं घर असेल तर खालची बाजू मंद ठेवा किंवा तीन बाजूच करा, आमच्याकडे तीनच आहेत त्याचं खरं कारण हेच.

टीव्हीचं पिक्चर मोडही बघा, चित्र व्हिव्हिडवर असेल तर कॅमेऱ्यालाही तेच भडक दिसणार. आधी चित्र नीट करा, मग दिवे.

घरात कोणाला फ्लॅशने त्रास होतो, फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी आहे, मायग्रेन आहे, तर झटपट सिंक त्यांच्या समोर लावू नका, साधा स्थिर पांढरा ठेवा. लहान मुलं गेम खेळताना तासन्तास समोर बसतात तिथेही स्पीड कमीच बरा.

रोजच्या वापराचं

टीव्ही बंद केला की दिवे आपोआप बंद होतात का हे घ्यायच्या आधी बघा. एचडीएमआय बॉक्स सिग्नल गेला की बंद होऊ शकतो, कॅमेरावाल्यात बरेचदा ॲपमधून, व्हॉइस असिस्टंटने किंवा शेड्यूल लावून बंद करावं लागतं. रोज दोन रिमोट आणि एक ॲप लागत असेल तर महिन्यानंतर कोणी लावत नाही, दिवे तसेच पडून राहतात. मॅटर (वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकत्र चालवायचं मानक) लिहिलेलं असेल तर चालू बंद आणि रंग दुसऱ्या सिस्टीममधून करता येतं, पण चित्राशी जुळणारं सिंक बहुतेक वेळा त्या कंपनीच्याच ॲपमधून करावं लागतं, त्यामुळे ॲप चांगलं आहे का हे रिव्ह्यूमध्ये खास वाचा, तिथे लोक दिव्यांपेक्षा ॲपबद्दल जास्त चिडलेले सापडतात.

परत करायची मुदत आहे तोवर तुमचा नेहमीचा सगळा आठवडा त्यावर बघून घ्या, सिरीज, मॅच, गेम, रात्री आणि दुपारी पडदे उघडे ठेवूनही. कॅमेरावालं घेतलं असेल तर केशरी फोमचे तुकडे फेकू नका, टीव्ही साफ करताना कॅमेऱ्याला धक्का लागला किंवा टीव्ही थोडा हलवला तरी पुन्हा कोपरे दाखवावे लागतात. मी माझे तुकडे टीव्हीच्याच पाठीवर, पट्टीपासून लांब, एका छोट्या पिशवीत चिकटवून ठेवलेत.